आवडता ग्रंथ पडद्यावर येतो तेव्हा

ज्या ग्रंथावर लोकांचा जीव आहे तो ग्रंथ पडद्यावर आला, म्हणजे पाहणारे दोहोंपैकी एक करतात. पायांतले जोडे काढून ठेवतात, नाहीतर जोडा हातात घेतात. आपल्या देशात या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथाच्या बाबतीत घडल्या आहेत. विशेष हे की, त्या ग्रंथातील एकाच प्रसंगाच्या बाबतीत. 1917 साली दादासाहेब फाळके यांचा 'लंकादहन' हा मूकपट आला. 2023 साली ओम राऊत यांचा 'आदिपुरुष' आला. मारुती आपल्या पेटत्या शेपटीने लंका जाळतो, तो प्रसंग दोन्हींत आहे. पहिल्या वेळी लोक हात जोडून बसले. 106 वर्षांनंतर, त्याच प्रसंगी, लोक चिडून बाहेर आले.

असे का झाले, याचा विचार या महिन्याच्या अभ्यासात करावयाचा आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नहेम्याचा आठवा अध्याय आणि लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील 16 ते 30 ही वचने अगोदर वाचून ठेवावी. आपल्या पवित्र शास्त्रात चित्रपट नाहीत. परंतु आवडत्या ग्रंथासमोर बसलेले लोक कसे वागतात, हे त्या दोन अध्यायांत स्पष्ट दिसते.

आरंभी एक गोष्ट सांगणे उचित आहे. चित्रपटाच्या धंद्यात अशा चित्रांना चमत्कारपट किंवा पौराणिकपट म्हणतात, आणि त्यांतील उडणे, जळणे, अदृश्य होणे हे कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी साधलेले असते. पण ज्या कथेवर ती बेतलेली असतात ती आपल्या शेजाऱ्यांची पवित्र कथा आहे. आम्ही बडोद्यात राहतो. आमच्या जिन्यावर, आमच्या कचेरीत, आमच्या मुलांच्या वर्गात हे शेजारी आहेत. तेव्हा त्यांच्या भक्तीकडे पाहताना आपण हसू नये. पुढे दिसेल की, हसण्याचा अधिकार आपल्यालाही फारसा नाही.

आमचे बडोदे या गोष्टीत आडून आडून नव्हे, तर चांगले मध्यभागी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1888 साली राजा रविवर्मा यांच्याकडून पुराणकथांवरील 14 चित्रे काढवून घेण्याचे ठरविले. ती तयार झाल्यावर लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली, तेव्हा गर्दी लोटली. त्यानंतर 1894 साली रविवर्म्यांनी छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर लागली. तोवर कीर्तनात ऐकलेल्या सीतेला, दमयंतीला ज्याच्या त्याच्या मनातला चेहरा होता. आता तिला एकच चेहरा मिळाला, आणि तो सर्वांच्या घरी सारखाच.

त्याच बडोद्यात 1890 साली कलाभवन सुरू झाले. आज तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा आहे. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण, धुंडिराज गोविंद फाळके, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून या कलाभवनात आला आणि चित्रकला व छायाचित्रण शिकला. पुढे त्याने गोधऱ्यास फोटोचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगाने त्याची पत्नी व मूल नेले. मग लोणावळे, छपाईची कामे, भागीदारांशी बेबनाव, असा बराच काळ गेला. चाळिशीच्या उंबरठ्यावर असा हा माणूस 1910-11 च्या सुमारास मुंबईच्या गिरगावातील एका तंबूवजा सिनेमागृहात गेला आणि तेथे त्याने प्रभू येशूच्या चरित्रावरील परदेशी मूकपट पाहिला.

फाळक्यांनी त्या अनुभवाविषयी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे कृष्ण, राम, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. आपल्याकडील काही उपदेशक ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगतात: पाहा, भारतीय चित्रपटाचा जन्म शुभवर्तमानातून झाला! आम्हाला हा अभिमान थोडा उतावळा वाटतो. फाळक्यांनी ख्रिस्ताचे चित्र पाहिले आणि त्यांना स्वतःच्या आईच्या तोंडून ऐकलेल्या कथा आठवल्या, एवढेच घडले. प्रेम असेच काम करते. ज्याच्या हृदयात एक कथा आधीच वस्तीला असते त्याला दुसऱ्याच्या कथेतही आपलीच दिसते. सुवार्ता सांगणाराने हे ध्यानात ठेवले तर त्याचा पुष्कळ भ्रमनिरास टळेल.

असो. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला आणि चार वर्षांनी 'लंकादहन'. त्या काळी कुलीन किंवा अन्य कोणतीही स्त्री पडद्यावर उभी राहावयास सहजी तयार नसे. म्हणून अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. आजच्या प्रेक्षकाला हे सांगितले तर तो पोट धरून हसेल. पण त्या वेळच्या लोकांनी काय केले? पडद्यावर राम आला की पुष्कळांनी पायांतील जोडे काढले. मुंबईच्या आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या जोडून लोक दर्शनाला आले. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. ज्या सीतेचे दंड पुरुषाचे आहेत हे उघड दिसत होते तिच्यासाठी लोकांनी डोळे पुसले.

आता नहेम्या आठ उघडा. पाणीवेशीपुढच्या चौकात लोक एकत्र झाले आहेत. एज्रा त्या कामासाठी मुद्दाम केलेल्या लाकडी मंचावर उभा आहे. तो ग्रंथ उघडतो आणि सर्व लोक उभे राहतात. हात वर करून आमेन म्हणतात. भूमीपर्यंत मस्तक लववितात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालते आणि लोक रडू लागतात. लक्षात घ्या, एज्राचा आवाज गोड होता की कर्कश, मंच सुबक होता की ओबडधोबड, याची नोंद करण्याची लेखकाला गरज वाटलेली नाही. बंदिवासातून परतलेले हे लोक जे हरवले होते तेच ऐकावयास आले होते. साळुंक्यांचे दंड ज्यांना दिसले नाहीत तेही असेच काही घेऊन आले असावेत.

परंतु आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे. 'लंकादहन' मुका होता. अधूनमधून मजकुराच्या पाट्या येत, बाकी सारे शब्द प्रेक्षकाने स्वतःच्या मनातून घालावयाचे. मारुती सीतेला अंगठी देतो तेव्हा तो काय बोलतो? ज्याने जे आजीच्या मांडीवर बसून ऐकले होते, तेच तो बोलला. हजार प्रेक्षकांनी हजार मारुती ऐकले आणि एकालाही तक्रारीला जागा राहिली नाही. त्या चित्रपटाचा आज थोडासाच भाग शिल्लक आहे.

'आदिपुरुष'ची गोष्ट याच्या उलट झाली. दिग्दर्शक मराठी, बजरंगाच्या भूमिकेत देवदत्त नागे हे मराठी नट, शेकडो कोटींचा खर्च आणि संगणकाची सर्व करामत. चित्रपट 16 जून 2023 रोजी लागला. प्रत्येक चित्रपटगृहात एक खुर्ची हनुमंतासाठी रिकामी ठेवावी, असे निर्मात्यांनी जाहीर केले होते. म्हणजे जोडे काढावयाची तयारी अगोदरच झाली होती. पण लंका पेटविण्याच्या वेळी बजरंगाच्या तोंडी गल्लीतल्या पोरांच्या भांडणातली भाषा आली आणि लोक बिथरले. दोन-तीन दिवसांतच संवाद बदलण्याचे निर्मात्यांना जाहीर करावे लागले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तीव्र नापसंती दर्शविली. काठमांडूच्या महापौरांनी सीतेच्या जन्मस्थानाच्या उल्लेखावरून शहरात हिंदी चित्रपट बंद करविले. संवादलेखक मनोज मुंतशिर यांनी जुलैमध्ये हात जोडून क्षमा मागितली.

हा संताप योग्य होता काय? येथे आम्हाला दोन भाग करावेसे वाटतात.

भाषेची तक्रार आम्हाला रास्त वाटते. पण भाषा साधी होती म्हणून नव्हे. गावोगावचे कीर्तनकार शतकानुशतके मारुतीला घरगुती बोलीत बोलवीत आले आहेत, त्यावर लोक मनसोक्त हसले आहेत आणि कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कीर्तनकार कथेच्या आत उभा राहून विनोद करतो. बाहेर उभा राहून, टाळ्या मिळाव्या म्हणून केलेला विनोद श्रोत्याला ताबडतोब ओळखू येतो. हा फरक आपल्या उपदेशकांनीही शिकण्यासारखा आहे. पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बायाबापड्यांना समजावे म्हणून सबंध पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, केडगावच्या मुक्ती मिशनमधून पूर्ण प्रसिद्ध झाले. त्यातील शब्द साधे आहेत, पण एका ठिकाणीही टवाळी नाही. तरी आजही नवे सोपे भाषांतर मंडळीत वाचले गेले की कोणी वडीलधारे सभासद बाहेर येऊन म्हणतात, हे काही आपले बायबल नव्हे. त्या वेळी त्यांना आदराने विचारावे, की दादा, आपल्याला शब्द साधा असल्याचे वाईट वाटते, की हलका असल्याचे? बहुधा त्यांनाही विचार करावा लागेल.

दुसरा भाग रूपाचा. 2022 च्या ऑक्टोबरात चित्रपटाची पहिली झलक आली तेव्हाच ओरड झाली की, रावण असा नसतो, मारुती असा नसतो. तो कसा असतो? ज्यांनी आक्षेप घेतले त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वाल्मीकीचा किंवा तुलसीदासाचा शब्द नव्हता. रविवर्म्याच्या छापखान्याचा वारसा सांगणारी कॅलेंडरे होती आणि रामानंद सागर यांची दूरदर्शन मालिका होती. ग्रंथासाठी म्हणून जो राग आला तो निम्मा आधीच्या चित्रासाठी होता. चित्र केव्हा येऊन ग्रंथाच्या आसनावर बसले, हे लोकांना कळलेही नव्हते.

ही मालिका गुजरातेतच, वलसाड जिल्ह्यातील उमरगाव येथे चित्रित झाली. 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता ती लागे. दूरदर्शनसंचाला हार घातले जात, उदबत्ती लावली जात, रस्ते ओस पडत. साडेनऊ ही आमच्या शब्बाथशाळेचीही वेळ. आम्ही तेव्हा अगदी लहान वर्गात होतो आणि वर्गातील निम्मी बाके रिकामी असत, एवढे स्पष्ट आठवते. शिक्षिकाबाई रागावत. एका रविवारी त्यांनी रागावणे सोडून, दाविदाची व गल्याथाची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की पुढच्या रविवारी बाके भरली. अर्थात हा उपाय प्रत्येक आठवड्याला जमण्यासारखा नव्हता.

या मालिकेवरील प्रेमाने बडोद्यात जे केले ते इतरत्र क्वचितच घडले असेल. 1991 च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून उभ्या राहिल्या आणि गायकवाड राजघराण्यातील रणजितसिंह यांचा पराभव करून निवडून आल्या. ज्या घराण्याने रविवर्म्याकडून सीता काढवून घेतली त्या घराण्याच्या वारसाला पडद्यावरच्या सीतेने हरविले. त्याच निवडणुकीत, त्याच पक्षातर्फे, रावणाचे काम केलेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून निवडून आले. पक्षाच्या बरेवाईटपणाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. मतपेटीपाशी गेलेल्या माणसाच्या मनात नट आणि भूमिका यांतली रेघ किती पुसट झाली होती, हे पाहण्यासारखे आहे. 2020 च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा लागली तेव्हा 16 एप्रिलच्या एका दिवशी ती 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. बत्तीस वर्षांनीही रेघ तशीच पुसट.

येथे कोणी वाचक मनात म्हणेल, आपण तर मूर्तीपुढे नमत नाही. बंधूंनो, आपल्या बैठकीच्या खोलीतील भिंतीकडे एकदा पाहा. तपकिरी केसांची, उजळ कपाळाची, एका बाजूला पाहणारी प्रभूची तसबीर तेथे असण्याचा बराच संभव आहे. ती वॉर्नर सॉलमन या अमेरिकेतील चित्रकाराने 1940 साली काढली आणि तिच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचे, केसांचे, उंचीचे एका शब्दानेही वर्णन नाही. अनुवादाच्या चौथ्या अध्यायात मोशे इस्राएलाला आठवण देतो की, त्या डोंगरावर तुम्ही वाणी ऐकली, आकृती पाहिली नाही. तरी आमच्या वर्गातील एका मुलीने सावळ्या रंगाचा येशू काढला तेव्हा बाकीची मुले ओरडली, की हा येशू नाही! 2022 च्या ऑक्टोबरातली ओरड आणि ही ओरड, यांत आम्हाला तरी भेद करता येत नाही.

सी. एस. लुईस यांना हा धोका चांगला कळत होता. त्यांच्या नार्नियाच्या गोष्टींत आस्लान नावाचा सिंह आहे आणि त्याच्या मागे त्यांच्या मनात ख्रिस्त आहे. पहिले पुस्तक 1950 सालचे. 1959 साली एका पत्रात त्यांनी लिहिले की, या गोष्टी जिवंत नटांकरवी दाखविण्यास आपला पूर्ण विरोध आहे. सोंग घेतलेला आस्लान आपल्याला ईश्वरनिंदेसारखा वाटेल. लुईस 1963 साली वारले. 2005 साली चित्रपट निघाला, संगणकाने सिंह उत्तम उभा केला, आणि अमेरिकेतील कित्येक मंडळ्यांनी सबंध चित्रपटगृहेच आपल्या लोकांसाठी राखून ठेवली. पुस्तक वाचून आलेली मुले खूश झाली, काही हिरमुसली. आमच्या मते हिरमुसणारी मुले अधिक चांगली वाचक होती. त्यांच्या मनात सिंह अगोदरच गर्जत होता.

मग आपण चित्रपट दाखवूच नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. 1978 चा तेलुगू 'करुणामयुडु' हिंदीत 'दयासागर' या नावाने गावोगाव दाखविला गेला; विजयचंदर यांनी त्यात प्रभूचे काम केले आहे. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला 1979 चा 'जीझस' हा चित्रपट तर जगातील दोन हजारांहून अधिक भाषांत बोलतो. पंचमहालातील एका गावी आम्ही 'दयासागर'च्या प्रयोगाला हजर होतो. दोन बांबूंना चादर बांधली होती. वधस्तंभाच्या प्रसंगी बाया पदराने डोळे पुशीत होत्या. चित्र संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ आमच्याजवळ आले आणि त्यांनी विचारले, हे कोणत्या पोथीत आहे? आम्ही गुजरातीतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती दिले. त्यांना वाचता येत नव्हते. नातू वाचील म्हणाले. ज्या चित्रपटानंतर प्रेक्षक पोथी मागतो तो चित्रपट आपले काम करून गेला, असे आम्ही समजतो. ज्यानंतर पोथीची गरजच उरत नाही, तो कितीही सोवळा असला तरी घात करतो.

आता लूक चार. नासरेथच्या सभास्थानातील लोक यशयाच्या ग्रंथावर प्रेम करणारे होते. प्रभूने तो उतारा वाचला तेव्हा सर्वांची दृष्टी त्याच्यावर खिळली, सर्वांनी वाखाणणी केली. म्हणजे जोडे निघाले. मग त्याने सारफथच्या विधवेचे आणि सुरियाच्या नामानाचे नाव घेतले. ग्रंथात हे दोघे नव्याने घातलेले नव्हते. राजांच्या इतिहासात ते पहिल्यापासून होते. पण गावकऱ्यांच्या मनातील ग्रंथात परक्यांना जागा नव्हती. तेच लोक त्याला कड्यावरून लोटावयास घेऊन गेले. म्हणून संताप आला की पहिला प्रश्न हा विचारावा: जे दाखविले ते ग्रंथात नाही म्हणून मी रागावलो, की ग्रंथात आहे पण माझ्या मनात नव्हते म्हणून? 'आदिपुरुष'च्या वेळी पहिल्या प्रकारचा राग बराच होता. नासरेथात सगळा दुसऱ्या प्रकारचा होता. आणि दोन्ही राग बाहेरून अगदी एकसारखे दिसतात, ही अडचण आहे.

शिक्षकांसाठी थोडे. नाताळात किंवा पुनरुत्थानदिनी मुलांना चित्रपट दाखविण्याची पद्धत पुष्कळ मंडळ्यांत आहे. तो दाखविण्याच्या आधीच्या रविवारी तोच भाग मोठ्याने वाचावा आणि मुलांना डोळे मिटून ऐकावयास सांगावे. लगेच कागद द्यावेत व जे दिसले ते काढू द्यावे. कोणाचे चित्र चूक म्हणू नये. चित्रपट झाल्यावर कागद पुन्हा हाती द्यावेत. लहान मुले त्या वेळी जे बोलतात ते शिक्षकाने लिहून ठेवण्यासारखे असते. मोठ्या वर्गाला यादी करावयास सांगावी: चित्रपटात होते पण शुभवर्तमानात नाही, असे काय? पूर्वेकडून आलेले मागी तीन होते, असे सारेच सांगतील. मत्तयाने संख्या दिलेली नाही.

वेळ उरल्यास उधळ्या पुत्राचा दाखला घ्यावा. याची नाटके आणि चित्रे मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात. त्यांना विचारावे, की शेवटी मोठा भाऊ मेजवानीला आत गेला की नाही? अर्धा वर्ग गेला म्हणेल, अर्धा नाही म्हणेल, आणि जोरात वाद होईल. तो होऊ द्यावा. मग लूक 15 उघडून शेवटची चार वचने एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावी.